नीलाताईंच्या पेनाचं टोपण

नीला खांबेटे यांना गेल्या सव्वीस वर्षांत निदान दहा हजार माणसांनी आपली स्वप्नं सांगितली असतील. त्यातलं एकही नीलाताईंना ऐकायचं नव्हतं. पण विचारणं भाग होतं, कारण पगार त्याचाच होता.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत डॉ. श्रीपाद गोगटे यांचा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. नीलाताई तिथे केस लिहितात. होमिओपॅथीच्या डॉक्टरला नुसता खोकला पुरत नाही. खोकला बसल्यावर वाढतो की आडवं झाल्यावर, तहान घोटघोट लागते की तांब्याभर, खारट आवडतं की गोड, राग आला की बोलता की गप्प बसता, स्वप्नं कसली पडतात, भीती कशाची वाटते, असं सगळं लागतं. हे सगळं आतल्या खोलीत नीलाताई विचारायच्या, फुलस्केप कागदावर उतरवून घ्यायच्या, आणि मग तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर जायचा. भीतीच्या प्रश्नाला बायका झुरळ, उंची, अंधार अशी सरळ उत्तरं देतात. पुरुष आधी "छे, कशाचीच नाही" म्हणतात आणि मग दाराच्या फटीतून बाहेर बसलेल्या बायकोकडे बघतात. नीलाताई तेही लिहायच्या.

मात्र सगळंच लिहायच्या नाहीत. खोकल्यावर बोलता बोलता माणूस मध्येच थांबतो, टेबलक्लॉथचा कोपरा चिमटीत धरतो आणि आवाज उतरवून म्हणतो, "ताई, एक सांगू का?" हे झालं की नीलाताई आपल्या शाईपेनला टोपण लावायच्या. टक् असा आवाज यायचा. पेन कागदावर आडवं ठेवायचं आणि हात मांडीवर. एवढंच. पण त्या टक् आवाजावर कोपर, ठाकुर्ली, दिवा या पट्ट्यातल्या माणसांचा बँकेच्या लॉकरपेक्षा जास्त विश्वास होता. टोपण लागलं की कुणी रडायचं, कुणी सासूला शिव्या द्यायचं, आणि एका रिटायर्ड मुख्याध्यापकांनी तर आपण आयुष्यभर परीक्षेचे पेपर न वाचता तपासले हे इथेच सांगून टाकलं होतं. सांगून झालं की टोपण निघायचं, नीलाताई कागदावर एक ओळ रिकामी सोडायच्या आणि पुढे विचारायच्या, "बरं, घाम कुठे जास्त येतो?"

ती रिकामी ओळ का सोडायच्या, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पाहुणा उठून गेला तरी त्याचं पान लगेच उचलू नये, तसं काहीतरी.

मागच्या वर्षी गोगटे डॉक्टर गेले आणि त्यांची मुलगी ऋजुता, तीही होमिओपॅथीचीच डॉक्टर, दवाखाना बघायला लागली. ऋजुता लग्न होऊन ठाण्याला वर्तकनगरला राहते, तिथून रोज गाडी चालवत येते. हुशार मुलगी. लहानपणी याच दवाखान्यात साखरेच्या गोळ्या चोरून खायची आणि नीलाताई तिला पाठीशी घालायच्या, म्हणून अजून त्यांना नीलामावशीच म्हणते. तिने आल्या आल्या पंखे बदलले, पडदे बदलले, आणि मग तिची नजर नीलाताईंच्या बोटांवर गेली. लिहून लिहून मधलं बोट वाकडं झालं होतं.

"मावशी, बस झालं आता हे लिहिणं," ती म्हणाली आणि तिने एक नवा फोन टेबलावरच्या तारखांच्या कॅलेंडरला टेकवून उभा केला. "यात अ‍ॅप आहे. लाल टिंब दाबायचं आणि नुसतं बोलायचं. सगळं रेकॉर्ड होतं आणि मग आपोआप टाइप होतं. मराठीत!"

"अगं पण इथे आतमध्ये रेंज कुठे येते? पोस्टमनसुद्धा हाक मारून कंटाळतो."

"तीच तर गंमत आहे. नेट लागतच नाही. नुसतं साठवून ठेवतं. यातल्या सिमला फक्त कॉल येतात, नेटचा पॅक घेतलेला नाही. तू फोन घरी ने. तुझ्या घरच्या वायफायला लागला की त्याचं ते अक्षरात उतरवतं. सकाळी मी बघते आणि पेशंटला त्याची प्रत पाठवते. हल्ली लोकांना सगळं हातात लागतं."

मोबाइलवर लोकांचे आवाज साठवून ते लोणच्यासारखे घरी मुरवायचे, ही कल्पना नीलाताईंना जरा चमत्कारिक वाटली. पण बोट दुखत होतं हे खरं होतं. पहिल्या दिवसाचं टाइप झालेलं त्यांनी वाचलं तेव्हा मात्र त्या ओशाळल्या. एका अर्ध्या तासाच्या केसमध्ये त्या स्वतः त्रेसष्ट वेळा "हं" म्हणाल्या होत्या. "हं," "हं हं," "हंऽ." शिवाय भाजीवाल्याची आरोळी आणि वरच्या मजल्यावरच्या कुकरबद्दल पेशंटने केलेली तक्रार. अ‍ॅप बिचारं इमानी होतं. त्याला गाळणं माहीत नव्हतं.

नीलाताईंनी कागद मात्र सोडला नाही. फोन आपला उभा असायचा, आणि त्या समोर कागद ठेवून चार शब्द टिपत राहायच्या. सव्वीस वर्षांची सवय; हातात पेन नसलं तर बोलायला काही सुचायचंच नाही. आणि ती सवयच त्यांना नडली.

शनिवारी सकाळी मालन सस्ते आली. दिव्याला राहणारी, मूळची माण तालुक्यातली, साठीच्या आतबाहेरची बाई. मुलगा कारखान्यात पाळीवर, सून ऐश्वर्या ठाण्याला एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात. अकरा महिन्यांचा नातू दिवसभर हिच्या अंगावर. शेजारणीकडे त्याला तासभर ठेवून ती आली होती. ऐश्वर्यानेच फोन करून वेळ घेतली होती. मालनबाईंकडे स्वतःचा फोन नव्हता म्हणून कागदावर नंबरही ऐश्वर्याचाच.

"काय होतंय?" नीलाताईंनी लाल टिंब दाबून विचारलं.

"गुडघं. आन् डोकं हलकं हलकं वाटतं."

"चक्कर येते?"

"चक्कर न्हाई म्हनायची. हलकं."

तहान, झोप, घाम, गोड, खारट सगळं झालं. भीतीचा प्रश्न आला. मालनबाई थांबल्या. टेबलक्लॉथचा कोपरा त्यांनी चिमटीत धरला.

"ताई, ह्ये लिवू नगा."

नीलाताईंनी टोपण लावलं. टक्. पेन आडवं ठेवलं, हात मांडीवर घेतले.

"आमच्या बिल्डिंगीला लिफ्ट न्हाई. खड्डा हाय नुसता लिफ्टचा. आमी सहाव्या माळ्यावर. परवा पानी आलं न्हाई म्हनून खाली टँकरला गेलते. नातू कडंवर. वर येताना चौथ्या माळ्यावर डोळ्यापुढं समदं पांढरं झालं. कठड्याला टेकले. किती येळ गेला म्हाईत न्हाई. भानावर आले तवा पोरगं कडंवरच व्हतं, हसत व्हतं. पन ताई, मी त्येला धरल्यालं मला ठावंच न्हाई. हात आपसूक ऱ्हायला म्हनून. न्हाईतर तो कठडा म्हंजी माज्या ढोपराएवढा हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आन् ती पैली खेप न्हवं. तिसरी."

"घरात सांगितलंत?"

"सांगून काय करू? सूनबाई पोराला पाळनाघरात टाकंल. आन् मला गावी. गावी कोन हाय माजं? दीर हाय, त्येचं त्येलाच खायाला न्हाई. हितं त्या पोरापायी माझं ताट वाढतात, ताई. पोरगं गेलं की माझं काय काम हितं?"

"हं," नीलाताई म्हणाल्या.

मग टोपण काढलं, एक ओळ सोडली, घामाचं विचारलं. मालनबाई पिशवी सावरत, नातवाची उठायची वेळ झाली म्हणत निघून गेल्या. बुधवारी परत यायचं होतं, सुनेची सुट्टी होती, तीही येणार होती. नीलाताईंनी फोन उचलला. लाल टिंब चालूच होतं. एकेचाळीस मिनिटं, बारा सेकंद. तेरा. चौदा.

पेनाला टोपण होतं. फोनला नव्हतं.

त्यांनी टिंब दाबलं. "जतन केले. नेटवर्क मिळताच मजकूर तयार होईल," असं फोनने अगदी सज्जनपणे सांगितलं.

हिशेब सोपा होता. फोन घरी गेला की वायफाय मिळणार, वायफाय मिळालं की सगळं टाइप होणार, सोमवारी ऋजुता वरवर वाचून प्रत पाठवणार, आणि ती ऐश्वर्याच्या मोबाइलवर टिंग करून पोचणार. मधल्या सुट्टीत, सहकारणींच्या घोळक्यात डबा खाताना ती पोरगी वाचणार, की आपली सासू आपल्या मुलासकट कठड्यावरून गेली असती. सव्वीस वर्षांत एका शब्दाचीही गळती नाही, आणि आता ही पूर्ण टाकीच.

घरी आल्या आल्या नीलाताईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वायफायच्या डबीची पिन उपटली. दुसरी, फोन चकलीच्या स्टीलच्या डब्यात घालून वर झाकण दाबून बसवलं. स्टीलमधून लहरी जात नाहीत असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आत चार चकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

बाहेरच्या खोलीत बाळ क्रिकेट बघत होते. बाळ म्हणजे नीलाताईंचे यजमान, वय त्रेसष्ट, महानगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त. पाळण्यातलं नाव भालचंद्र, पण आईने बाळ म्हटलं, मग चाळीने म्हटलं, मग साहेबांनी म्हटलं, आणि पेन्शनच्या कागदावरच काय तो भालचंद्र शिल्लक राहिला. मॅच इंटरनेटवरून चालायची. शेवटच्या चार षटकांत पडद्यावर नुसती चकती गोल गोल फिरायला लागली.

"अगं, नेट गेलं!"

"गेलं असेल."

"असेल काय? मॅच अशी तोंडाशी आलीय!"

रविवारभर बाळ यांनी इंटरनेटवाल्याला सात फोन केले. पाणीखात्यात असताना लोक त्यांना जे जे बोलायचे ते सगळं त्यांनी व्याजासकट त्या पोराला ऐकवलं. शेवटी संध्याकाळी तो पोरगा खरंच आला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "काका, पिनच काढलेली आहे." बाळ यांनी पिन बघितली, नीलाताईंकडे बघितलं. त्याच क्षणी ओट्यावरच्या चकलीच्या डब्यातून कुणीतरी गळा दाबल्यासारखी रिंग वाजायला लागली. ऋजुताचा फोन होता.

स्टीलमधून लहरी जातात, हे त्या दिवशी कळलं.

पोरगा गेल्यावर बाळ यांनी पिन परत लावली नाही, यातच त्यांचं निम्मं शहाणपण आलं. ते चहा घेऊन ओट्याशी येऊन उभे राहिले. "कुणाचं आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मग पुसून टाक. बोट दाबून धरलं की विचारतं, पुसू का म्हणून."

नीलाताईंनी डबा उघडला. फोनवर चकलीचा चुरा लागला होता. त्या दिवशीच्या नऊ केसेस एकाखाली एक, पाचवी मालनबाईंची. त्यांनी बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, हटवायचं का? नीलाताईंना चौथा माळा दिसला. ढोपराएवढा कठडा. हसणारं पोरगं. हे पुसलं की जगात ती गोष्ट माहीत असणाऱ्या दोनच बायका उरणार होत्या, आणि त्यातली एक उद्या परत पोराला कडेवर घेऊन तोच जिना चढणार होती.

त्यांनी बोट उचललं.

"काय झालं?" बाळ म्हणाले.

"पुसलं तरी वाईट आणि ठेवलं तरी वाईट. तुम्ही एक काम करा, मॅच माझ्या मोबाइलवर बघा."

"संपली मॅच," बाळ म्हणाले. "हरलो."

सोमवारी सकाळी ऋजुताने विचारलं, "मावशी, शनिवारच्या नऊ केसेस कुठायत? तुला कॉल केलेला मी काल."

"नेट गेलंय घरचं." नीलाताईंनी दवाखान्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"बरं, आज लाव. त्या दिव्याच्या सूनबाईंचा सकाळी फोन आलेला. मॅडम, आईंचा रिपोर्ट अजून आला नाही, त्यांना नक्की काय होतंय, आम्हाला काही सांगतच नाहीत त्या, म्हणाली. काळजीत वाटली बिचारी. काय आहे गं त्यांना?"

"गुडघे," नीलाताई म्हणाल्या. आणि पुढचा प्रश्न यायच्या आत त्या पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या कपाटाशी गेल्या.

कपाटात गोगटे डॉक्टरांच्या वेळच्या जुन्या केसेस होत्या. मालनबाई पूर्वी एकदा आल्या होत्या हे त्यांना आठवत होतं. आठ वर्षांमागचा कागद सापडला. त्यांचंच अक्षर. झोप लागत नाही, डोकं दुखतं, तिखट आवडतं. मध्ये एक रिकामी ओळ. त्या ओळीत काय होतं ते नीलाताईंना लख्ख आठवलं. नवरा तेव्हा जिवंत होता आणि रात्री पिऊन हात उगारायचा. टोपण लावून सांगितलं होतं.

पण त्या रिकाम्या ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीने एक बारीक फुली होती. नीलाताईंनी ती कधी बघितली नव्हती, कारण कागद एकदा डॉक्टरांकडे गेला की त्यांचा संबंध संपायचा. खाली, पानाच्या अगदी तळाशी, डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात होतं: "फुलीबद्दल मी विचारले. पाठीवर वळ. मुलाला बोलावून घेतले, बोललो. औषध बदलले."

नीलाताईंनी दुसरी केस काढली. तिसरी. जिथे जिथे त्यांनी ओळ सोडली होती, तिथे तिथे फुली होती. एकूण एक. डॉक्टर कागद हातात आला की आधी रिकामी ओळ शोधायचे, आणि मग आत बोलावून, पंख्याबद्दल, पावसाबद्दल बोलत बोलत त्या ओळीपाशी पोचायचे. आणि नीलाताईंना सव्वीस वर्षं वाटत होतं, की आपण केवढं सगळं एकट्या सांभाळतोय! त्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. हसू आलं, आणि मग आलं ते हसू नव्हतं. टोपण लावायला त्या होत्या, पण त्यापुढची पेन्सिल गेली होती. आणि फोनला तर ओळ रिकामी सोडताच येत नव्हती.

दवाखाना दीडला बंद होतो, साडेपाचला उघडतो. दीड वाजता नीलाताईंनी चकलीचा डबा पिशवीत घातला आणि कोपरला गाडी पकडून पुढच्याच स्टेशनला, दिव्याला उतरल्या.

कागदावरचा पत्ता शोधायला अर्धा तास गेला. इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ, की एकीच्या खिडकीतली फोडणी दुसरीच्या खिडकीत जळावी. लिफ्टच्या खड्ड्यात सायकली आणि प्लास्टिकची पिंपं होती. नीलाताईंनी जिना चढायला घेतला. दुसऱ्या माळ्यावर थांबल्या, तिसऱ्यावर बसल्या. चौथ्यावर त्यांनी कठडा बघितला. ढोपराएवढाच होता. त्यांनी वाकून खाली बघितलं नाही.

दार मालनबाईंनी उघडलं. नातू कडेवर. तोंडभर वरणभात. "ताई! तुमी? आवं एवढं उन्हाचं! बसा, बसा. पानी हाय आज, बसा."

पाणी पिऊन झाल्यावर नीलाताई म्हणाल्या, "मालनबाई, माझी एक चूक झालीय." आणि डब्यातून फोन काढून त्यांनी सांगितलं. टोपण लावलं, पण हा चालूच राहिला. अजून कुणी ऐकलेलं नाही, कुणी वाचलेलं नाही. पण यात आहे सगळं.

मालनबाईंचा चेहरा आक्रसला. "टोपान लावलंत की तुमी. म्या माज्या डोळ्यानं बघितलं. आवाज ऐकला."

"हो."

"त्या आवाजावर बोलले मी!"

"हो. माझंच चुकलं."

"मोठ्या लिवनाऱ्या तुमी. तुमच्या यंत्रापायी मला रस्त्यावर आनता व्हय?" त्यांनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं, जणू कुणी आताच काढून नेणार होतं. "सुनंला गेलं न्हाई ना?"

"नाही. शनिवारपासून चकलीच्या डब्यात ठेवलाय. आमच्या घरचं नेटच बंद करून टाकलंय मी. यजमान उपाशी असल्यासारखे फिरतायत."

इतक्या रागातही मालनबाईंच्या तोंडाच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं, पण ते टिकलं नाही. त्या खाली सतरंजीवर बसल्या, नातू मांडीत. पोरगं डब्याच्या झाकणावर चमचा आपटत होतं.

"काय काय आलंय त्येच्यात?" मालनबाईंनी विचारलं.

"सगळं."

"लावा बघू."

"कशाला उगाच?"

"माझं हाय. मला ऐकू द्या."

नीलाताईंनी पडद्यावरची रेघ बोटाने त्या जागेपर्यंत पुढे नेली आणि आवाज वाढवला. आधी टक् ऐकू आलं, अगदी स्पष्ट. मग एका बाईचा खोलवरचा, थकलेला आवाज. चौथ्या माळ्यावर डोळ्यापुढं समदं पांढरं झालं. किती येळ गेला म्हाईत न्हाई. पोरगं कडंवरच व्हतं, हसत व्हतं. मी त्येला धरल्यालं मला ठावंच न्हाई. ती पैली खेप न्हवं. तिसरी. मग दूरवर भाजीवाला. सांगून काय करू, म्हणाली ती बाई. शेवटी नीलाताईंचं एक "हं."

नातू मान वर करून फोनकडे बघत होता, मग आजीकडे. आवाज ओळखीचा होता.

मालनबाईंनी स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. त्या टक लावून त्या काळ्या पाटीकडे बघत राहिल्या. "ह्यी कोन बाई?" त्या हळूच म्हणाल्या. "अशा बाईकडं मी माझं पोर ठिवायला दिलं नसतं."

आणि त्यांनी नातवाला मांडीवरून उचलून खाली सतरंजीवर ठेवलं, पुढ्यात चमचा आणि डब्याचं झाकण दिलं, आणि आपले दोन्ही हात मागे घेतले.

मग त्या रडल्या. नीलाताईंकडे पेन नव्हतं, टोपण नव्हतं. करायला काही नव्हतं, म्हणून त्या जवळ सरकून बसल्या.

"सूनबाई कितीला येते?"

"सातला."

"मी थांबते."

"तुमचा दवाखाना?"

"सव्वीस वर्षं उघडलाय. एक दिवस ऋजुता उघडेल."

साडेपाचला ऋजुताचा फोन आला, नीलाताईंनी "येत नाही, उद्या सांगते" म्हणून ठेवला. मधल्या वेळात मालनबाईंनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "आता ह्ये पुसा. ऐश्वर्याला मी सांगंन, माज्या तोंडानं. यंत्राच्या तोंडानं नगं." नीलाताईंनी बोट दाबून धरलं. या वेळी उचललं नाही.

ऐश्वर्या सातला आली, धापा टाकत, पर्स खांद्यावरून घसरलेली, हातात कोथिंबीर. दवाखान्यातली बाई घरात बघून आधी घाबरली. "काय झालं? आईंना काय झालं?" मालनबाईंनी सांगितलं. चौथ्या माळ्यापाशी त्यांचा आवाज अडकला, तेव्हा त्या थांबल्या, आणि परत तिथूनच सुरू केलं. ऐश्वर्याने मुलाला उचललं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. "तीन वेळा, आई?" एवढंच ती म्हणाली. "तीन वेळा, आणि मला काही बोलला नाहीत?" मग आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटलं. कोथिंबीर सतरंजीवरच राहिली. मालनबाई ती निवडत बसल्या.

जिना उतरताना नीलाताईंना वाटत होतं, की आपण एक घर मोडून चाललोय. तसं झालं नाही, अगदी चांगलंही झालं नाही. मंगळवारपासून नातू खालच्या गल्लीतल्या पाळणाघरात जायला लागला. मालनबाईंना कुणी गावी धाडलं नाही. पण आता दिवसभर सहाव्या माळ्यावर त्या एकट्या.

मंगळवारीच नीलाताईंनी जुन्या केसेसचा गठ्ठा ऋजुतापुढे ठेवला. "ही ओळ बघ. आणि ही तुझ्या बाबांची फुली." ऋजुताने एक वाचली, दुसरी वाचली. चष्मा काढून पुसला. "मला बोलले नाहीत कधी," ती म्हणाली.

"मलाही नाही."

"मग शनिवारच्या त्या दिव्याच्या बाईंच्या केसचं?"

"त्यात एक ओळ रिकामी आहे. विचार उद्या तूच."

ऋजुताने टेबलाच्या खणातून पेन्सिल शोधली. टोक मोडलेलं होतं. ती टोक करायला बसली.

बुधवारी सासूसुना दोघी आल्या. ऋजुताने गोळ्यांची बाटली बाजूला ठेवली. "हे माझ्या गोळ्यांचं काम नाही आई, आधी तपासण्या," असं स्पष्ट सांगितलं, आणि हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांची नावं लिहून दिली. ऐश्वर्या सगळं मोबाइलमध्ये टिपत होती. सासूशी ती नेमकं कामापुरतं बोलत होती. पण उठताना तिने मालनबाईंच्या दंडाला धरलं, आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत सोडलं नाही.

जाण्याआधी नीलाताईंना मालनबाईंची पुसलेली केस पुन्हा घ्यायची होती. त्या दोघीच आत बसल्या. टेबलावर आता कॅलेंडरशेजारी चकलीचा डबा होता; नीलाताईंनी तो कायमचाच आणून ठेवला होता. ऋजुता तो बघून हसली होती.

"झोप कशी आहे?"

"न्हाई लागत. घर लई गप्प असतं." मालनबाईंनी टेबलक्लॉथचा कोपरा चिमटीत धरला, आणि सोडला. "ऱ्हाऊ द्या."

नीलाताईंनी फोनवरचं लाल टिंब बंद केलं. फोन डब्यात घातला, झाकण लावलं. मग पेनाला टोपण लावलं. टक्. हात मांडीवर घेतले.

मालनबाई त्या पेनाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून डबा आपल्याकडे ओढला, झाकण उघडलं, आत वाकून बघितलं. फोन काळा होता. खात्री करून घेतल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण परत दाबून बसवलं, चारी बाजूंनी, आणि डबा आपल्याच मांडीवर ठेवून घेतला.